गाडीचा दम

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात ‘दम’ हा एकच शब्द आमच्या घरात आणि दारात सारखा ऐकू येत होता, त्याला माझा इलाज नाही.

वडिलांना दम लागतो. महिन्यातून एकदा त्यांना नागपूरला दाखवावे लागते. केळापूरहून दीडशेएक किलोमीटर. करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा रस्ता. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. ट्रक तेच आहेत. आमची गाडी डिझेलची, टर्बोवाली, वयाने पोक्त. कापसाने फुगलेला एक ट्रक ओलांडताना तिने अवसान गाळले. पाय दाबावा तर आवाज वाढे, वेग वाढेना. मागे काळा धूर, समोर पिवळा दिवा. मागच्या सीटवरून वडील म्हणाले, “हिलेही दम लागला वाटते.”

शहरातल्या एका मोठ्या कार्यशाळेत गाडीला यंत्र जोडले, त्यावर ‘पी ०२९९’ असा सांकेतिक आकडा उमटला, आणि नवा टर्बो बसवण्याचे अंदाजपत्रक माझ्या हाती आले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाची ती काही महिन्यांची कमाई होती. आता त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की इंजिनाला मिळावा तितका हवेचा दाब मिळत नाही. का मिळत नाही, हे तो सांगत नाही. थर्मामीटर ताप सांगतो. हिवताप की टायफॉइड, हे सांगत नाही. तरीही थर्मामीटर पाहूनच औषध लिहिणारे वैद्य असतात.

टर्बो म्हणजे काय, हे मला तेव्हाच नीट कळले. इंजिनात जेवढी हवा, तेवढेच तेल जळू शकते. मग जास्त हवा कोंबायची कशी? अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याच कल्पनेचे पेटंट घेतले: फुकट जाणाऱ्या धुराने एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने ताजी हवा दाबून आत सारायची. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो! दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत एका जाळीतून थंड करून, रबरी नळ्यांतून इंजिनात नेतात. या वाटेवर कुठेही भोक पडले, की हवा बाहेर, तेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. पंख्याचा त्यात काही दोष नसतो.

केळापूरचे आमचे मिस्त्री हे सारे आपल्या भाषेत जाणून होते. अंदाजपत्रक त्यांनी वाचलेसुद्धा नाही. “सर, पह्यले पंखा पाहू. तो चांगला असन तर बाकीचं सस्तंच हाये.” इंजिन गार होऊ दिले, नळी सोडवली आणि दांडा बोटांनी हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला. आतबाहेर मुळीच नाही. पाती कुठे घासलेली नव्हती. हवेची गाळणी पाहिली. मग टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची दांडी हलते का, तिच्याकडे जाणारी बारीक नळी फाटली आहे का, तेही पाहून झाले.

“पंखा मेला नाही, सर. हवा कुठंतरी पळून राह्यली.”

सायकलच्या ट्यूबचे पंक्चर घमेल्यातल्या पाण्यात शोधतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मिस्त्रींची युक्ती त्याच घराण्यातली. डब्याच्या झाकणाला ट्यूबचा वॉल्व बसवून त्यांनी गाळणीकडचे तोंड बंद केले आणि कॉम्प्रेसरने जपून, दहा पौंडांपर्यंत हवा भरली. मग साबणाचे पाणी शिंपडत प्रत्येक जोडावरून हात फिरवू लागले. माझे वडील बाजूच्या बाकावर बसून हे पाहत होते. डॉक्टर त्यांच्या पाठीवर नळी ठेवून “श्वास घ्या” म्हणतात, तेव्हासुद्धा ते इतके शांत नसतात.

थंड करणाऱ्या जाळीच्या खालच्या नळीवर, जमिनीकडच्या अंगाला, फेस उठला. तिथे आधीपासूनच तेलाचा पातळ थर आणि त्यावर धूळ चिकटलेली होती; मिस्त्री त्याकडे बोट दाखवून नुसते हसले. हवा सोडताच चीर मिटली. नळी पुन्हा धडधाकट दिसू लागली! गाडी उभी असताना हा आजार दिसणार कसा? तो भार पडल्यावरच तोंड उघडतो.

नळी नागपूरहून मागवली, दोन दिवसांनी आली. नळीची किंमत आणि मजुरी मिळून जो आकडा झाला, तो त्या अंदाजपत्रकाच्या शेजारी ठेवायला मला संकोच वाटला. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू द्या, तापलेल्या पंख्याला तेल मिळते, असे मिस्त्रींनी बजावले. जुनी नळी त्यांनी शिकाऊ पोराच्या हातात दिली. तो ती वाकवून चीर उघडत होता, मिटवत होता.

डॉक्टरांची तारीख गुरुवारची होती. बुधवारी संध्याकाळी मी टाकी भरून ठेवली.