जुन्या खेळांचा नवा बाजार

१९३३ साली स्थापन झालेली मनोहर ग्रंथमाला आमच्या धारवाडात सुभाष रोडवर आहे. जुना ग्रंथ पुन्हा छापता येतो. जुन्या व्हिडिओ खेळाचे भाग्य तसे नसते. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या दर शंभर खेळांपैकी ८७ खेळ बाजारात मिळत नाहीत, असे २०२३ च्या एका पाहणीत आढळले.

लहानपणी आमच्या कोंकणी घरी टीव्हीला यंत्र जोडून, कॅसेट घालून आम्ही भावंडे ‘सुपर मारिओ’ खेळत असू. ते यंत्र १९८३ च्या जपानी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल होते.

असे खेळ आज कोठे मिळतात, असे विद्यार्थी मला विचारतात. ‘जीओजी’ हे संकेतस्थळ २००८ पासून संगणकावरील जुने खेळ विकते. घेतलेला खेळ उतरवून आपल्यापाशी ठेवता येतो. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर २०१४ पासून शेकडो आर्केड खेळ विनामूल्य खेळता येतात. ‘ओएलएक्स’सारख्या ठिकाणी जुनी यंत्रे मिळतात, मात्र चालवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

निंटेंडोने मार्च २०२३ मध्ये ‘थ्रीडीएस’चे ऑनलाइन दुकान बंद केले. म्हणून बालमित्रांनो, खेळ स्वस्त कोठे मिळतो यापेक्षा आपल्यापाशी कोणता राहतो, हे आधी पाहावे. पाळीवरून भावंडांशी केलेली भांडणेही त्यातच जपलेली असतात.