एक डिस्क गंगाखेडला

२०२४ च्या मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला, दुकानातला पंखा एकदम वेगानं फिरायला लागला. परभणीत राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. व्होल्टेज वाढलं की पंखा आधी सांगतो, मग ट्यूब सांगते, कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. आणि तो सांगतो ते जळूनच. मी मेन स्विचपर्यंत पोचेस्तोवर टेबलाखालून ‘फट्’ असा आवाज आला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. डीपीवरचा न्यूट्रल तुटला होता. गल्लीतले तीन फ्रिज आणि एक टीव्ही गेला. माझी डिस्क गेली.

एक नाही, दोन. बॅकअप म्हणून जी बाहेरची डिस्क घेतली होती, ती त्याच कॉम्प्युटरला लावलेली होती. रोज काढायची, रोज लावायची, कंटाळा. वर्षभर ती तशीच चिकटून बसली होती. मी मात्र लोकांना छातीठोकपणे सांगायचो, ‘आपल्याकडे सगळ्याची कॉपी असते.’

माझं डीटीपीचं दुकान स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला आहे, १९९९ पासून. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, तेराव्याच्या पत्रिका. यातलं पत्रिकांचं गेलं तर फार बिघडत नाही. लग्न झालेलं असतं. पण २०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे वेगळंच काम आलं होतं. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती त्या सप्टेंबरात नेमली गेली आणि गावोगावच्या लोकांनी पेट्या उघडल्या. पूर्णा, पालम, जिंतूर, कुठून कुठून माणसं यायची. पिशवीतून कापडात गुंडाळलेला कागद निघायचा: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा जुना उतारा. काही मोडीत, काही उर्दूत. घडीवर हात लावला की तुकडा पडेल असे. मी काचेवर अलगद ठेवून स्कॅन करायचो, प्रिंट द्यायचो आणि स्कॅन गावाच्या नावाच्या फोल्डरात ठेवायचो, कारण माणूस आठवड्यानं परत येऊन हमखास म्हणायचा, ‘अजून एक काढा, हरवली.’

ते फोल्डर गेले.

डिस्क घेऊन पुण्याला गेलो. डेटा काढून देणाऱ्यानं अठ्ठावीस हजार सांगितले, मी दिले. बराच माल परत आला, पण डिस्कवरचा पत्त्यांचा तक्ताच गेला होता. अशा वेळी फोटो ओळखून ओळखून बाहेर काढतात. चित्र मिळतं, नाव आणि फोल्डर मिळत नाही. हातात आले सहा हजारांवर फोटो, नावाच्या जागी नुसते आकडे. नवरीचा फोटो, त्याच्यानंतर उर्दू खासरा, त्याच्यानंतर कुणाच्या तरी वास्तुशांतीचा गणपती.

भाचा पुण्यातच इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही अठ्ठावीस हजार देऊन आलात. ऑनलाइन बॅकअपला एवढ्यात कितीतरी वर्षं निघाली असती.’ मी म्हणालो, आता लागलास का शिकवायला. पण त्याच रात्री त्याच्या खोलीवर बसून आम्ही हिशोब मांडला.

पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच: गुगल. फुकटचे पंधरा जीबी, त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं. माझं सामान ३४० जीबी. वाढीव जागेत तेव्हा १०० जीबी वर्षाला १,३०० रुपयांत आणि माझं सामान मावेल अशी पायरी दोन टीबीची, ६,५०० ला. ६,५०० काही फार नाहीत, पण भाच्यानं विचारलं, ‘जोडलेला फोल्डर चुकून पुसला तर काय होतं, माहीत आहे का?’ माहीत नव्हतं. परभणीला आल्यावर आठवडाभरातच ते कळलं. जागा करायची म्हणून नव्या मशीनवरचा, ड्राइव्हला जोडलेला एक फोल्डर उडवला, तर वरचाही उडाला. ती सेवा तेच करते आणि प्रामाणिकपणे करते: इथं जे, तिथं ते. कचरापेटीत तीस दिवस राहतं म्हणून वाचलो. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की दोन ठिकाणी एकसारखं दिसणं वेगळं आणि काल काय होतं ते परत मिळणं वेगळं. मला कालचं हवं होतं. जमलं तर सहा महिन्यांपूर्वीचंही.

मग खरी बॅकअपवाली मंडळी बघायला घेतली. एका कॉम्प्युटरला वर्षाचे ठरावीक डॉलर, कितीही सामान भरा. ऐकायला छान वाटतं. खालची बारीक अक्षरं वाचायला मी सराईत आहे, आयुष्यभर तीच जुळवत आलो. एके ठिकाणी लिहिलं होतं: बाहेरची डिस्क ठरावीक दिवसांत पुन्हा जोडली नाही, तर तिची वरची प्रतही काढली जाईल. म्हणजे कपाटात ठेवलेली जुनी डिस्क मी विसरलो की तेही विसरणार. माणूस विसरतो म्हणूनच तर हे सगळं करायचं!

भाच्यानं आणखी एक सांगितलं. क्रॅशप्लॅन नावाची सेवा घरगुती ग्राहकांत फार लोकप्रिय होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं की घरगुती बॅकअप बंद, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत तो आटोपला. लोकांना सवड दिली होती, पैसे बुडवले नाहीत. पण शेकडो जीबी उचलून दुसरीकडे न्यायचे म्हणजे मे महिन्यात बिऱ्हाड हलवण्यासारखं. दुकान चालू राहील का, हा प्रश्न मी कागदवाल्याला, शाईवाल्याला विचारतो. ढगात बसलेल्याला विचारायचं सुचलंच नव्हतं.

तरी एका सेवेची पंधरा दिवसांची चाचणी घेतली. ३४० जीबी चढवायचे कसे? पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट होतं तेव्हा वर जायचा वेग पाचशे बारा केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ केबी. त्या वेगानं एवढं सामान चढवायला सलग एकसष्ट दिवस लागले असते, आणि परभणीत सलग हा शब्द विजेच्या बाबतीत कुणी वापरत नाही. आता फायबर आहे. तीस एमबीपीएसला कागदावर सव्वा दिवसही लागत नाही. मला अकरा दिवस लागले. रात्री लावून जायचं, सकाळी बघायचं तर मशीन बंद, इन्व्हर्टर रिकामा. बायको म्हणाली, ‘एवढी काळजी पोरं लहान असताना घेतली नाहीत.’

चढवून झाल्यावर भाच्याचा फोन. ‘आता एक फोल्डर खाली उतरवा आणि दुसऱ्याच मशीनवर उघडून दाखवा.’ मला ते उगाचचं वाटलं. चढलं ते चढलं. तरी केलं. २००९ सालची एका शाळेची स्मरणिका उतरवली, बायकोच्या लॅपटॉपवर उघडली. फाइल अगदी धडधाकट. आत मात्र इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि उलट्या स्वल्पविरामांची खिचडी.

डीटीपीवाल्याला हे लगेच कळतं. युनिकोडच्या आधी आम्ही श्री-लिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम यांवर काम केलं. त्या फाइलीत मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि ‘क’चं रूप फॉन्ट काढतो. फॉन्ट नाही तर मराठीही नाही. आणि फॉन्ट राहतात विंडोजच्या फोल्डरात, जो या सेवा सहसा उचलतच नाहीत. विंडोज आणि सॉफ्टवेअर परत बसवता येतं, असा त्यांचा हिशोब. इतरांसाठी बरोबर असेल. माझी फॉन्टांची सीडी १९९९ ची, आणि तिच्याबरोबरचा लॉक प्रिंटरच्या त्या रुंद पोर्टाला लावायचा, जो नव्या मशीनला नसतोच. म्हणजे पंचवीस वर्षांचं काम मी अमेरिकेत सुखरूप ठेवलं होतं आणि ते कुणालाच, मलासुद्धा, वाचता येणार नव्हतं.

पुढचा महिना त्यातच गेला. जुना एक्सपीचा डबा माळ्यावरून काढला, सगळे फॉन्ट कामाच्या फोल्डरात आणून ठेवले, आणि महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढली, फॉन्ट आत भरून. कधीतरी सगळं युनिकोडमध्ये न्यायचं आहे. जोडाक्षरं आणि रफार हमखास फसतात, म्हणून ते पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांवर टाकत आलोय.

दुसरी अडचण माझी एकट्याची नव्हती. त्या खासरा पत्रकांत माणसांची नावं, जाती, जमिनी आहेत. लोकांनी कागद माझ्या काचेवर ठेवला होता, परदेशातल्या कपाटात नाही. म्हणून शेवटी निवडलं ते असं: डुप्लिकाटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर माझ्याच मशीनवर आधी सगळं कुलूपबंद करतं आणि मगच बाहेर पाठवतं, जुन्या आवृत्त्याही ठेवतं. कोणते फोल्डर न्यायचे ते मी ठरवतो, फॉन्टसकट. ठेवायला बॅकब्लेझची बी२ ही भाड्याची जागा, तेव्हा महिन्याला एका टीबीला सहा डॉलर. माझ्या सामानाला दोन डॉलर, म्हणजे १७० रुपयांच्या आसपास. खातं उघडताना त्यांनी विचारलं, सामान अमेरिकेत ठेवू की अॅमस्टरडॅमला? मी अॅमस्टरडॅम दाबलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांसाठी तेवढंच जवळ.

कार्डाचं एक लचांड राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप पैसे कापायला वेगळी संमती लागते, आणि परदेशी वर्गणी त्यात मधेच अडकते. पैसे थकले तर सामान कायम ठेवायला ते काही नातेवाईक नाहीत. म्हणून कालनिर्णयवर प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला लाल गोल आहे. दूधवाल्याचा निळा.

कुलपाचा परवलीचा शब्द विसरला तर कुणीच उघडून देऊ शकत नाही, कंपनीसुद्धा. तो वहीत लिहून वही ट्रंकेत ठेवली. मग वाटलं, ट्रंकही याच घरात आहे.

पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकी फोटोग्राफरनं तीन-दोन-एकचा नियम प्रसिद्ध केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आमच्याकडे हे निराळ्या वाटेनं लोकांना कळलं होतं. ज्यांच्या पेटीत कागद निघाला नाही, त्यांच्यासाठी तीच नोंद हैदराबादच्या जुन्या दप्तरात शोधायला शिंदे समितीची माणसं गेली. निजामाचं राज्य १९४८ साली संपलं, पण कागद तिथं बसून होता.

माझं हैदराबाद म्हणजे गंगाखेड. थोरली बहीण तिथं असते. दर दोन महिन्यांनी मी एक डिस्क टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून परळीकडच्या गाडीनं जातो, तिच्याकडची घेऊन येतो. पोखर्णी आलं की खिडकीतून नरसिंहाला हात जोडतो. डब्यावरचा हात मात्र काढत नाही. पहिल्यांदा आक्कानं डबा उघडला आणि तिचं तोंड उतरलं.

‘मला वाटलं, धपाटे आणलास.’

‘ह्याच्यात दुकान आहे, आक्का.’

‘मग दुकान कुठं ठेवू?’

तिनं ते साड्यांच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवलं. परवलीच्या शब्दाची चिठ्ठीही तिच्याकडेच, पण वेगळ्या कप्प्यात, पासबुकात. हे तिनंच सुचवलं.

आता रोज रात्री दहाला मशीन स्वतःहून काम करतं. सकाळी मी फक्त हिरवी खूण बघतो आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल खाली उतरवून उघडून बघतो. भाच्याची अट आहे.

सहा हजार फोटोंपैकी बरेचसे लावून झाले. ग्राहक आला की त्याचा कागद त्याच्याकडूनच ओळखून घेतो. उर्दूवाले मागच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी दुपारच्या चहाला येऊन वाचून देतात. त्यांना गावांची जुनी नावंही माहीत आहेत. तरी त्रेचाळीस उरलेत. वरचा कोपरा फाटलेला, गावाचं नाव तिथंच असणार. शिक्का पुसट, सर्व्हे नंबर अर्धा. त्या फोल्डरला मी ‘कुणाचे’ असं नाव दिलं आहे. तोही रोज रात्री वर जातो.