बोनेटवरची चार अक्षरं

गाडी आमची आहे. मारुती आठशे, २००३ चं मॉडेल, पांढरी. हे लिहितानाही हात जरा थबकतो. आमच्या खानदानात आजवर बैलगाडी हाकली तीही दुसऱ्याची. मी नांदगाव पेठच्या गिरणीत रिंगफ्रेमवर, भाऊ अकोल्यात. दोघांनी मिळून तिसऱ्या मालकाकडून घेतली आणि पहिल्याच दिवशी बोनेटवर निळ्या रंगात लिहून घेतलं : जय भीम.

मागच्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या एका गावी लग्नाला गेलो. गाडी पाराजवळ लावली. जेवून परत येतो तर दिव्यापासून काचेपर्यंत खिळ्याची एक लांब रेघ, नेमकी अक्षरांवरून. ‘भी’ तर पार खरवडलेला. पारावर दहा-बारा लोक बसलेले. कोणी पाहिलं नाही म्हणे!

भाऊ म्हणाला, रिपोर्ट देऊ. बाबा म्हणाले, “कोनाच्या नावानं देतं? खिळ्याच्या?”

पावसाळा गेला. रेघेतून गंज फुटला, रंगाखाली सरकत गेला. ओरखड्याचं असंच असतं गड्यांनो, पत्रा उघडा पडला की रेघ बोटभर रुंद व्हायला एक पावसाळा पुरतो. पेंटर म्हणाला, अख्खं बोनेट मारावं लागते, सहा हजार. चौदा एप्रिल तोंडावर आलेली. म्हटलं, आपणच करू.

पहिल्यांदा साबणानं धुतली. तारेच्या ब्रशनं गंज काढला, पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. इथं आळस केला की गंज नव्या रंगाखालून पुन्हा येतो. मग २२० चा पेपर. आणि इथंच हात थांबला. रेघ त्यांची होती, पण उरलेली अक्षरं आता मलाच घासून काढायची होती. उंचवट्यावर रंग बसत नाही. जुनी अक्षरं ठेवून नवा रंग मारला तर ती खालून उमटतात.

पाणी टाकून घासायला लागलो. निळं पाणी बंपरवरून अंगणात उतरलं. माय दारात उभी.

“काहून पुसून रायला बे?”

“पुन्हा लिव्हासाठी.”

ती काही बोलली नाही. आत गेली, दुसरी बादली भरून आणली.

चुका केल्याच. पैसे वाचवायला खिडकीच्या गजाला मारतात तो साधा रेड ऑक्साईड लावला, त्यावर गाडीचा एनसी रंग. थिनर खालच्या थराला चावला. बघता बघता सगळा रंग म्हाताऱ्याच्या कातडीसारखा सुरकुतला. सगळं खरवडून पुन्हा पत्र्यापर्यंत! या वेळी गाडीचाच प्रायमर आणला. लांबी पातळ भरली, वाळू दिली, पुन्हा भरली. एकदाच जाड थापली की तडकते. ती ४०० च्या पेपरनं पाण्यात घासली. डोळ्याला कळत नाही तो खड्डा तळहाताला कळतो. पुसायला कॉटन वेस्ट घेतलं तर त्याचे तंतू चिकटले. दिवसभर ज्या सुताशी झगडतो तेच घरी येऊन रंगात बसलं. शेवटी बाबांचं जुनं धोतर कामी आलं.

रंगाच्या दुकानात पांढरा मागितला. दुकानदार हसला. बावीस वर्षं उन्हात राहिलेला पांढरा आता पांढरा नसतो, किंचित पिवळा असतो. त्यानं थेंबथेंब पिवळा आणि चिमूटभर काळा टाकून जुळवला. पांढऱ्यातही एवढ्या जाती!

कॉम्प्रेसर फर्निचरवाल्या मित्राचा. एप्रिलमधलं अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी मारला तर रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि खरखरीत बसतो. म्हणून पहाटे साडेपाचला, अंगणात पाणी मारून धूळ बसवून, तीन पातळ हात दिले. दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं. मग तीन दिवस हात लावला नाही. नंतर २००० चा पेपर आणि कंपाऊंड.

एकूण अकरा दिवस, बावीसशे रुपये. जून २०२२ मध्ये आमच्याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर पाच दिवसांच्या आत, १०५ तासांत टाकलं होतं. गिनीज बुकात नोंद झाली. ते गरम डांबर पसरणाऱ्यांची नावं कुठे वाचलीत का? मी तरी नाही वाचली.

तेरा तारखेच्या रात्री कंदिलासारखा बल्ब लटकवून मीच अक्षरं काढली. पेंटरला बोलावलं नाही. ‘भी’ची वेलांटी जरा वाकडी झाली आहे. दुसऱ्या दिवशी अमरावतीला इर्विन चौकात गर्दीपासून लांब गाडी लावली, तर दोन पोट्टे बोनेटजवळ उभे राहून फोटो काढत होते. एकानं त्या वेलांटीवरून बोट फिरवलं. माझ्या पोटात गोळा आला. मग कळलं, तो अक्षर गिरवत होता.

उरलेला निळा रंग आणि ४०० चा पेपर डिकीत ठेवला आहे. पुढच्या महिन्यात त्याच गावात दुसरं लग्न आहे. बाबा म्हणतात, “गाडी तिथंच लावजो. पाराजवळ.”