घरचे कागद

आपल्या गावाविषयी आपल्याला सारे काही ठाऊक आहे, असा प्रत्येकाचा एक गोड समज असतो. काशीला निघालेला माणूस चार जणांना विचारून मार्ग ठरवील. पण आपल्या गावच्या देवळातला शिलालेख काय सांगतो, हे त्याने जन्मात कोणाला विचारलेले नसते. देऊळ आपले, दगड आपला, मग त्यात विचारायचे ते काय?

बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून मी तीसएक वर्षे इतिहास शिकवला. त्यात ‘मराठवाड्याचा इतिहास’ हाही विषय असे. इंग्लंड-युरोपच्या इतिहासाला बिचकणारी मुले या विषयाला मात्र हसतमुखाने येत. “सर, हा तर घरचाच पेपर!” असे म्हणत. पैठणचे सातवाहन, देवगिरीचे यादव, निजामाची राजवट, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा आणि १७ सप्टेंबर १९४८, एवढी स्थानके पाठ झाली की गाडी सुखरूप परीक्षेला पोचे. मीही ती अनेक वर्षे हाकली, आणि आनंदाने हाकली.

या घरच्या पेपरात एकदा खरोखरीच घरचा कागद आला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. आमच्याकडे दिवाळी येते ती निरोपाची तयारी करीतच. इकडे पणत्या विझतात न विझतात तोच बिऱ्हाडे भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या नि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्या वर्षी आईबाप गेल्यावर आजीपाशी राहिलेल्या या मुलीने एका पत्र्याच्या पेटीतून चौघडी घातलेला एक पिवळा कागद काढून आणला.

“सर, हा आमच्याच घरचा कागद आहे. मग मला का वाचता येत नाही?”

कागद उर्दूत होता. तळाशी एक ओळ तेवढी मोडीत. मोडी मला येते, उर्दू येत नाही. तेव्हा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हाकडे धरला आणि म्हणाले, “बेटा, हा रहननामा आहे. गहाणखत. सन १३३० फसली.” फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९२० च्या सुमाराची गोष्ट.

आता, त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा चालत आली होती. पणजोबांनी गांजापायी जमीन घालवली, आणि म्हणून आपल्या हाती कोयता आला. भाऊबंदकीत हा टोमणा ठरलेला. मुलीच्या वडिलांनी तो लहानपणापासून खाली मान घालून ऐकला होता. मास्तर एकेक ओळ वाचून अर्थ सांगू लागले. चार एकर जमीन गहाण टाकली होती. कारण दिले होते थकलेल्या शेतसाऱ्याचे आणि बैलजोडीचे. साल दुष्काळाचे. तळाची मोडी ओळ मी वाचली. ती पणजोबांची सही होती. ज्यांना सारे घर अंगठेबहाद्दर समजत होते, त्यांनी आपले नाव, बापाचे नाव आणि गाव ठसठशीत अक्षरांत लिहिले होते.

दोन म्हातारे अर्धा अर्धा कागद वाचीत होते आणि ज्या घराचा तो कागद, त्या घरची मुलगी मध्ये बसून दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. रात्री तिने वडिलांना फडावर फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता म्हणे. मग वडील म्हणाले, “म्हंजी आबा तसला नव्हता तर.” जमीन काही परत येणार नव्हती. पण त्या वर्षी तो माणूस उन्हाळ्यात गावी परतला, तो मान वर करून.

तेव्हापासून मला एका योगायोगाची फार गंमत वाटते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तोवर आमच्या भागातली महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या हैदराबादच्या विद्यापीठात सुरुवातीला शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आमच्या विद्यापीठाला पुरते दोन आठवडे व्हायच्या आत, २ सप्टेंबरला, अमेरिकेत एका शिक्षणविषयक कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आदल्या वर्षी रशियाने आकाशात स्पुटनिक सोडल्यामुळे अमेरिका हबकली होती. जगातल्या दूरदूरच्या प्रदेशांची माहिती असलेली माणसे आपल्यापाशी हवीत, म्हणून या कायद्याने विद्यापीठांतून प्रदेश-अभ्यासाची केंद्रे काढायला पैसा दिला. हेतू स्वसंरक्षणाचा होता, त्यात परोपकार शोधू नये. पण त्या केंद्रांचा पाया पाहा. पहिला धडा भाषेचा! त्या प्रदेशाची भाषा शिका, मग त्याचा इतिहास, धर्म, बाजार यांविषयी तोंड उघडा.

या वाटेने आलेल्या काही परदेशी अभ्यासकांनी महाराष्ट्राचे ऋण फेडावे तसे काम केले. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी महानुभावांचे जुने मराठी ग्रंथ वाचले. जर्मनीच्या गुंथर सोंथायमर यांनी हायडेलबर्गच्या विद्यापीठात राहून आमच्या धनगरांचा नि खंडोबाचा अभ्यास केला, आणि त्यासाठी धनगरांच्या वाड्या पायांखाली घातल्या. परक्याला आपण परके आहोत हे ठाऊक असते, म्हणून तो आधी अक्षरे गिरवतो. घरच्याला वाटते, मला कशाला अक्षरे?

आणि इथे तर अक्षरे एका प्रकारची नाहीत. एकट्या अंबाजोगाईचे पाहा. खोलेश्वर या यादव सेनापतीचे तेराव्या शतकातले शिलालेख संस्कृतात. दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर लिहिलेले ‘पंचीकरण’ मराठीत. पुढे हेच गाव निजामाच्या दप्तरात मोमिनाबाद झाले. तिथले कागद आधी फारसीत, मग उर्दूत. गावकऱ्यांचे आपसातले हिशेब मोडीत. मुक्तीनंतर राज्यकारभार आपल्या भाषेत आला, हे न्यायाचेच झाले. मायबोलीला मोठ्या कष्टाने हक्काचे आसन मिळाले होते. मात्र मागचे दप्तर कपाटात तसेच उरले. त्याची किल्ली पुढच्या पिढीच्या हाती द्यायची राहून गेली.

ही किल्ली सरकारलाच एकाएकी हवीशी झाली ती २०२३ मध्ये. निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाचा प्रश्न मोठा आहे, त्याची चर्चा फराळाच्या ताटाशी नको. पण मला त्या दिवसांत एकच दिसत होते. लाखो लोकांच्या मुलाबाळांचे भवितव्य ज्या कागदांत शोधायचे, ते वाचायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी म्हातारी माणसे उरली होती.

म्हणून माझे विद्यापीठांतल्या कर्त्या मंडळींना एवढेच मागणे आहे. मराठवाड्याचा अभ्यास शिकवायचा तर पहिले सहा महिने मुलांना मोडी आणि उर्दू लिपी शिकवा. सनावळ्या मग खुशाल पाठ करून घ्या. उर्दू बोली तर आमच्या मुलांच्या कानांवरची आहे. अडते ते अक्षरांशी. प्रत्येक मुलाने वर्षात एक घरचा कागद वाचून दाखवावा. ज्याच्या घरी नसेल त्याने शेजारचा आणावा. तेवढ्या निमित्ताने शेजार तरी घडेल. ती मुलगी नंतर चार महिने मास्तरांकडे रोज संध्याकाळी अलिफ, बे गिरवायला जात होती. तिला त्याचे गुण कोणी दिले नाहीत. परंतु गावात कोणाच्या पेटीतून कागद निघाला की आता तिला बोलावणे येते.

वाचकहो, यंदाची दिवाळीची आवराआवर तुम्ही उरकली असेलच. माळ्यावरच्या पेटीत कसर लागलेले, न लागणाऱ्या अक्षरांतले चार कागद सापडले असतील, तर ते रद्दीत घालू नका. पेटीत दोन डांबरगोळ्या टाका आणि गावात ती अक्षरे लागणारे कोणी म्हातारे माणूस आहे का, याची चौकशी करा. पाडव्याला फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जा, आणि बरोबर घरातले एखादे मूल न्या. कागद वाचून होईपर्यंत चकल्या संपतील. पण मुलाला दोन अक्षरे लागतील, आणि त्या माणसालाही बऱ्याच दिवसांनी आपली कोणाला गरज पडली म्हणून बरे वाटेल.