दोन तासांची माधुकरी

भालकीच्या आमच्या मावशी माणसे विसरू लागल्या, तेव्हा बाधा समजून आम्ही त्यांना गाणगापुरास नेले. पुढे डॉक्टरांनी सांगितले, हा स्मृतिभ्रंश, मेंदूचा रोग. औषधाने काहीसा आवरतो, बरा होत नाही. देशात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांस तो असल्याचा २०२३ चा अंदाज आहे.

मावशींपायी रात्र-रात्र जागणारी त्यांची सून मात्र कोणाच्या ध्यानी आली नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाचे दायित्व मुलांवर घातले. शुश्रूषा करणारीच्या विसाव्याचे कलम त्यात आम्हांस सापडत नाही. दुपारच्या आरतीनंतर आपल्यापैकी कोणी मावशींपाशी बसेल, तर ती घटकाभर निजेल. गाणगापुरी माधुकरी मागण्याची रीत आहे. आम्ही तिच्याकरिता दोन तासांची माधुकरी मागत आहोत.