एन उणे एक आहे का?

गणित विभागाच्या लॅबमध्ये मॅक्सिमा हे गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं की काळ्या पडद्यावर कंसात 'टक्का-आय-एक' एवढीच खूण उमटायची. आय म्हणजे आपण विचारलेलं, ओ म्हणजे त्यानं दिलेलं उत्तर. नवखा विद्यार्थी आधी शंभरचं फॅक्टोरियल मागणार, हे ठरलेलं. १५८ आकडी संख्या क्षणात हजर व्हायची. शेवटची २४ शून्यं मोजण्यातच आमचा वेळ जायचा.

फळ्यावर 'दोन एक्स' खपून जातं. इथे दोघांमध्ये गुणाकाराची चांदणी हवीच. नसेल तर 'एक्स हा इन्फिक्स ऑपरेटर नाही' अशी इंग्रजीत तंबी. चलाला किंमत द्यायची ती कोलननं, बरोबरच्या चिन्हानं नुसतं समीकरण तयार होई. नुसता 'पाय' लिहिला तर साइन पाय जसंच्या तसं परत. पायच्या आधी टक्का लावला की शून्य. आणि शेवटी सेमीकोलन! तो राहिला की पडदा ढिम्म. मशीन हँग झालं म्हणून कुणी उठू लागला की मागून ओरडा व्हायचा, "अरे, सेमीकोलन टाक!"

पण खरी मजा इंटिग्रेशनची. एक्सचा एनवा घात दिला की ते उलट आपल्यालाच विचारी, 'एन उणे एक आहे का?' ही अट पेपरात निम्मा वर्ग विसरायचा. 'नो' लिहायचं, पुन्हा सेमीकोलन, मग उत्तर: घात वरच्या ओळीत, अपूर्णांकाची रेघ डॅशांची. इंटिग्रल सुटलं नाही, तर त्याचं चिन्हसुद्धा तिरप्या रेघा आणि चौकटी कंस एकावर एक रचून काढलेलं. मला ते छापील पुस्तकाहून देखणं वाटे.

मॅक्सिमाचं मूळ मॅकसिमा (Macsyma) नावाच्या, एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या प्रकल्पात. टेक्सासचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून त्याची एक प्रत सांभाळली, १९९८ मध्ये ती खुली करण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. सांभाळणारे पुढेही मिळाले.

आता बटण दाबून इंटिग्रलचं चिन्ह उमटवता येतं. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण कंस कुठे उघडला नि कुठे मिटला, याचा विचार हातानं टाइप केलेल्या त्या एका ओळीनंच करायला लावला. मॅक्सिमा आजही फुकट मिळतं. घरात बारावीचं पोर असेल तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला ते उतरवून द्या, आणि उत्तरं लगेच सांगू नका.