आकाश एकच, मग परवाने दोन का?

आमच्या शिंदखेड्याच्या शाळेत सातवीला सुरतेहून एक मुलगा आला होता. गणितात पहिला, पण मराठीच्या तासाला बिचारा मान खाली घालून बसायचा. आम्ही त्याला फार हसलो. पुढे 2024 साली मी अमेरिकेतून वैमानिकाचा परवाना घेऊन घरी आलो, तेव्हा माझी गत त्याच्यासारखीच झाली!

गावात कौतुक केवढं झालं म्हणून सांगू! स्टेशनावर हार काय, पेढे काय! माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढणारे वडीलही त्या दिवशी हसत होते. पण त्या परवान्यावर मला भारतात वैमानिकाची नोकरी करता येणार नव्हती. असं का? 1944 साली शिकागोला देशोदेशींनी एक करार केला. एकमेकांचे परवाने मानायचं ठरलं, पण एक पाचरही मारून ठेवली. आपल्याच नागरिकाने परदेशात काढलेला परवाना आपल्या आकाशात मानायचा की नाही, हे प्रत्येक देश स्वतः ठरवू शकतो. म्हणजे मला आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देणं आलं. विमान चालवल्याचे किमान 200 तास, कडक वैद्यकीय तपासणी आणि लेखी पेपरात शंभरापैकी 70 गुण.

मला वाटलं, हात्तिच्या! अडीचशे तास उडवलंय आपण! पुस्तकं नुसती चाळली, पेपर दिला आणि 64 गुण घेऊन परत आलो.

चुकलं कुठे? नीट ऐका हं, गंमत आहे. विमानातला अल्टिमीटर खरं तर उंची मोजतच नाही. तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. दाब तर रोज बदलतो, गावागणिक बदलतो. म्हणून वैमानिक रेडिओवरून तिथला दाब विचारून घेतो आणि गुंडी फिरवून तो आकडा लावतो. अमेरिकेत हा आकडा पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. तिथला 29.92 म्हणजे इथला 1013. दहा हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत पावणेतीनशे-तीनशे फुटांचा फरक पडतो. रात्री, ढगात, डोंगराजवळ तीनशे फूट म्हणजे काय, विचार करा! ठरावीक उंचीच्या वर मात्र सगळेच वैमानिक 1013 लावतात. ती उंची अमेरिकेत सगळीकडे 18,000 फूट, आपल्याकडे विमानतळागणिक वेगळी आणि बरीच कमी. मी आपला सवयीने अठरा हजारच धरून बसलो होतो.

मग माडीवर मुक्काम ठोकला. गच्चीवर दोंडाईच्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या, त्यामुळे हवामानशास्त्राचं प्रत्येक पान मी शिंकत वाचलं. तापीपलीकडे शिरपूरला धावपट्टी आहे. तिकडून एखादं सरावाचं विमान डोक्यावरून गेलं की पोटात कालवायचं. बाजारात गेलं की कोणी ना कोणी विचारायचंच, "तुनं इमान कवय उडी रे भाऊ?" वडील काही विचारत नसत. बँकेचं पत्र आलं की ते गुपचूप कॅलेंडरमागे खोचत.

त्यातच नियम बदलले! 1 जानेवारी 2025 पासून नवा वायुयान कायदा लागू झाला आणि रेडिओवर बोलण्याची परीक्षा दूरसंचार खात्याकडून महासंचालनालयाकडे आली. जुन्या पद्धतीच्या प्रश्नांनी माझी अख्खी वही भरलेली. मी वही भिंतीवर फेकली. नियम बदलतात तरी कशाला मेले?

त्या दिवसांत चरखी दादरीची हकीगत वाचनात आली. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरयाणात दोन विमानं हवेतच धडकली आणि 349 माणसं गेली. परदेशातून येणाऱ्या विमानाला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याहून खाली उतरलं. वैमानिकाला इंग्रजी नीट न कळणं हे चौकशीत एक कारण निघालं. अशा अपघातांमुळेच 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पातळी गाठावी लागते. मी उठून वही उचलली.

दुसऱ्या खेपेला 81 गुण पडले. मग रेडिओची परीक्षा, मग इथल्या विमानावर चाचणी. "दाब?" परीक्षकांनी विचारलं. "1008 हेक्टोपास्कल!" मी इतक्या जोरात ओरडलो की ते दचकलेच.

परवाना हातात आला, तेव्हा वडिलांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हाऊ बी बदली जाई का रे?"

विमान कंपनीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पत्रं अजून कॅलेंडरमागेच आहेत.